संगीत संमेलनासाठी केंद्र सरकारचे अनुदान: एका छोट्या मंडळाचा अभिप्राय

दोन दिवस, चार सत्रे, नऊ कलाकार आणि अकरा साथीदार असे संगीत संमेलन आमच्या मंडळाने कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी भरवले. नऊपैकी सहा कलाकार तिशीच्या आतले होते आणि त्यांतल्या चौघांना त्याआधी कोणीही स्वतंत्र जाहीर मैफलीसाठी बोलावलेले नव्हते. या संमेलनाच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या सांस्कृतिक कार्यक्रम व निर्मिती अनुदान योजनेतून आला. प्रस्ताव लिहिण्यापासून अखेरचा हिशेब पाठवण्यापर्यंतचे सगळे काम मंडळाचा चिटणीस म्हणून माझ्याकडे होते. त्यामुळे ही योजना संगीत मंडळाच्या कितपत उपयोगाची आहे, तिच्यात काय चांगले आहे आणि कुठे ती अपुरी पडते, हे सविस्तर लिहावे असे वाटले. गावोगावी अशी मंडळे आहेत आणि त्यांच्या कार्यकर्त्यांना या योजनेचे नाव ऐकून माहीत असते, पण अर्ज करावा की करू नये हे ठरवता येईल इतकी माहिती एका जागी मिळत नाही.

योजना थोडक्यात अशी आहे. संस्कृती मंत्रालयाच्या ‘कला संस्कृती विकास योजना’ या मोठ्या छत्राखाली अनेक उपयोजना आहेत आणि ही त्यांपैकी एक आहे. नोंदणीकृत संस्था, न्यास, विद्यापीठे यांना चर्चासत्रे, परिषदा, संशोधन, कार्यशाळा, महोत्सव, प्रदर्शने आणि संगीत, नृत्य, नाट्य यांच्या निर्मितीसाठी तिच्यातून साहाय्य मिळते. अनुदानाची कमाल मर्यादा ५ लाख रुपये आहे आणि अपवादात्मक परिस्थितीत ती २० लाखांपर्यंत वाढवता येते. संस्था नोंदणीकृत आणि किमान तीन वर्षे काम करणारी असावी लागते. अनुदान संपूर्ण खर्चाचे नसते; काही वाटा संस्थेने स्वतः उभारायचा असतो. रक्कम हप्त्यांनी येते आणि अखेरचा हप्ता हिशेब, अहवाल व उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) सादर झाल्यानंतरचा असतो. एकट्या कलाकाराला हे अनुदान मागता येत नाही, ते संस्थेलाच मिळते, आणि माझ्या मते हाच या योजनेचा सर्वांत महत्त्वाचा गुण आहे.

असे म्हणण्याचे कारण कलाकाराच्या वाटचालीकडे पाहिले की कळते. शिकण्याच्या काळासाठी सरकारकडून बऱ्यापैकी आधार आहे. याच मंत्रालयाच्या गुरु-शिष्य परंपरेच्या अनुदानात गुरूला दरमहा १५ हजार रुपये आणि शिष्याला वयानुसार २ हजार ते १० हजार रुपये मिळतात. तरुण कलाकारांसाठी दरमहा ५ हजार रुपयांची दोन वर्षांची शिष्यवृत्ती आहे. पुढे नाव झाले की संगीत नाटक अकादमीचा, चाळिशीच्या आतल्या कलाकारांसाठी २००६ साली सुरू झालेला उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार आहे. म्हणजे शिकताना शिष्यवृत्ती आहे आणि नाव झाल्यावर पुरस्कार आहे. मधली जी सात-आठ वर्षे असतात, ज्यांत गळा तयार असतो, गुरूने गायला परवानगी दिलेली असते आणि तरीही बोलावणे येत नाही, त्या वर्षांसाठी थेट असे काही नाही. कितीतरी चांगली मुले याच वर्षांत शिकवण्या धरतात, नोकरी पाहतात आणि रियाज हळूहळू सुटतो. त्या काळात कलाकाराला पैशाहून अधिक हवा असतो तो मंच: जाणते श्रोते, चांगली साथ, बरा ध्वनी आणि पूर्ण राग मांडायला दिलेला तासभर वेळ. हा मंच कोणी तरी उभारावा लागतो, आणि तो उभारणाऱ्याच्या हाती पैसे देणारी सार्वजनिक योजना म्हणून मी या अनुदानाकडे पाहतो.

संगीत संमेलनाला तिकिटाबाहेरची थैली लागते, ही गोष्ट आजची नाही. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी १९१६ साली बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद घडवून आणली तेव्हा तिच्यामागे सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता; त्यानंतर दिल्ली, बनारस आणि लखनौ येथे परिषदा झाल्या. आमच्या भागात सांगली, मिरज, इचलकरंजी, कोल्हापूर या संस्थानांनी गवयांना पदरी ठेवले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारख्या गुरूंमुळे ग्वाल्हेरची गायकी इथे रुजली. संस्थाने गेल्यावर तो भार आकाशवाणीने आणि हौशी मंडळांनी उचलला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री असताना १९५४ साली आकाशवाणीचे संगीत संमेलन सुरू झाले, तर त्याआधीच १९५३ साली भीमसेन जोशींनी पुण्यात आपल्या गुरूंच्या स्मृतीसाठी सुरू केलेला महोत्सव आजही भरतो. मोठ्या शहरातल्या मोठ्या महोत्सवाला पुढे स्वतःचा श्रोता आणि स्वतःचे देणगीदार मिळतात. तालुक्याच्या गावी दोनशे खुर्च्यांचे सभागृह भरले तरी तिकिटातून ध्वनिव्यवस्थेचे पैसे सुटणे कठीण असते, आणि नवख्या कलाकाराच्या मैफलीला तर प्रवेश विनामूल्यच ठेवावा लागतो.

आकडेच सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे स्पष्ट होईल. आमच्या संमेलनाचे अंदाजपत्रक ६ लाख २० हजार रुपयांचे होते. तीन ज्येष्ठ कलाकारांची बिदागी दीड लाख, सहा तरुण कलाकारांची ७२ हजार, अकरा साथीदारांची १ लाख ३२ हजार, प्रवास आणि निवास ८६ हजार, सभागृहाचे भाडे ६४ हजार, ध्वनिव्यवस्था ४८ हजार, छपाई, प्रसिद्धी आणि ध्वनिमुद्रण मिळून ३८ हजार, बैठक, चहापाणी आणि किरकोळ २० हजार, लेखापरीक्षण १० हजार. यांपैकी ४ लाख रुपये अनुदानातून मंजूर झाले आणि उरलेले २ लाख २० हजार आम्ही देणग्या आणि स्मरणिकेच्या जाहिराती यांतून उभे केले. कलाकार आणि साथीदार मिळून ३ लाख ५४ हजार, म्हणजे एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक रक्कम प्रत्यक्ष गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसांच्या हाती गेली. आमच्या पूर्वीच्या कार्यक्रमांत हे प्रमाण कधीही इतके नव्हते, कारण सभागृह, मांडव, निवेदक आणि सत्काराच्या शाली यांचे पैसे भागल्यावर जे उरेल ते कलाकाराला, अशी आमची रीत पडून गेली होती.

या अनुदानाचा आम्हाला झालेला सर्वांत मोठा फायदा साथीदारांच्या बाबतीतला आहे, आणि त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. तबलजी, संवादिनीवादक आणि तंबोऱ्यावर बसणारे शिष्य यांची बिदागी छोट्या कार्यक्रमांत बहुधा तोंडी ठरते. मुख्य कलाकाराला एक आकडा सांगितला जातो, ‘त्यातच साथीदारांचे बघा’ असे म्हटले जाते, आणि मुख्य कलाकार तरुण असेल तर तो बिचारा स्वतःचे मानधन साथीदारांना देऊन रिकाम्या हाताने घरी जातो. मी हे अनेकदा पाहिले आहे आणि आमच्या मंडळाकडूनही हे घडले आहे. प्रस्तावाचे अंदाजपत्रक बाबवार लिहायचे म्हटल्यावर प्रत्येक साथीदाराचे नाव, त्याचे वाद्य आणि त्याची बिदागी स्वतंत्र ओळीत लिहावी लागली. एकदा ती ओळ कागदावर आली की तिला कात्री लावणे अवघड जाते, कारण हिशेबात त्या नावापुढे तेवढीच रक्कम जमा झालेली दाखवायची असते. आमच्या संमेलनात सर्वांत तरुण गायिकेला १२ हजार रुपये मिळाले आणि तिच्या साथीच्या तबलजींना सरासरीहून थोडी जास्त रक्कम मिळाली, कारण ते वयाने आणि अनुभवाने तिच्याहून बरेच मोठे होते. ही तफावत आम्ही तिला आधीच सांगितली होती आणि तिनेही ती आनंदाने मान्य केली. त्या दिवशी तिने ललत गायला तेव्हा मागे बसलेल्या माणसाच्या मनात आपल्या पैशांची शंका नव्हती, आणि अशा साथीचा गाण्यावर परिणाम होतो हे मैफली ऐकणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

सकाळच्या सत्रांबद्दलही एक गोष्ट इथेच नोंदवतो. नाट्यगृहाचे भाडे सत्रानुसार असते आणि संध्याकाळचे सत्र महाग पडते, म्हणून तरुण कलाकारांची बहुतेक गाणी आम्ही सकाळी ठेवली. पैशांच्या सोयीसाठी केलेल्या या मांडणीमुळे तोडी, ललत, भैरव आणि देसकार हे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळाले. संध्याकाळच्या महोत्सवांची सवय झालेल्या श्रोत्यांना हे इतके आवडले की सकाळचे सभागृह संध्याकाळपेक्षा लवकर भरले.

आता अर्जाकडे वळतो. कागदपत्रांची यादी लांब आहे, पण ती अन्यायकारक नाही. नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेची घटना, तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, वार्षिक अहवाल, नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवरील नोंदणी, बँक खात्याचा तपशील आणि प्रत्यक्ष प्रस्ताव, असा हा संच असतो. सार्वजनिक पैसा घ्यायचा तर एवढे दाखवावेच लागेल. महाराष्ट्रातल्या मंडळांची अडचण बहुधा दुसरीकडेच असते. विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांच्या आत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो आणि कितीतरी मंडळांनी तो वर्षानुवर्षे दिलेला नसतो. आमच्या मंडळाच्या कागदोपत्री यादीत दिवंगत झालेल्या दोन विश्वस्तांची नावे तशीच होती. चूक पूर्णपणे आमची होती आणि ती निस्तरण्यात आमचा एक संपूर्ण मोसम गेला. ज्यांना पुढच्या वर्षी अर्ज करायचा आहे त्यांनी आजच आपली यादी काढून पाहावी. बाकीचे कागद पंधरा दिवसांत जमतात, हा एकच कागद वर्ष खातो.

प्रस्तावाच्या मजकुराबद्दलही आम्हाला शिकावे लागले. आमचा पहिला मसुदा भारतीय संगीताची थोर परंपरा, तिचे जतन, नव्या पिढीवर संस्कार अशा वाक्यांनी भरलेला होता आणि त्यात कोण गाणार, किती वेळ गाणार, ऐकायला कोण येणार यांपैकी काहीच नव्हते. त्या मसुद्यावर मंजुरी मिळाली नाही आणि तो आज वाचला तर मीही मिळू दिली नसती. दुसऱ्या वेळी आम्ही प्रत्येक कलाकाराचे संमतीपत्र, त्याच्या गुरूचे नाव, त्याने आजवर कुठे गायले-वाजवले याची खरी माहिती, मांडायच्या रागांचा अंदाज, सत्रांचे वेळापत्रक आणि गेल्या तीन वर्षांतल्या आमच्या मासिक संगीत सभांची तारीखवार यादी जोडली. मिरजेच्या एका कारागिराकडून दोन तंबोरे दोन दिवसांसाठी भाड्याने घेण्याची ओळदेखील त्यात होती. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि त्या गावापासून तासाभराच्या अंतरावर भरणाऱ्या संमेलनात यंत्रातला तंबोरा वाजू नये असे आम्हाला मनापासून वाटत होते. प्रस्ताव पाच पानांचा झाला. पाल्हाळ गेल्यामुळे तो आम्हालाच अधिक पटला आणि संमेलनाच्या दिवशी तो आमच्या हातातला कार्यक्रमपत्रक म्हणूनही उपयोगी पडला.

पैशाच्या व्यवहाराची शिस्त अनेक मंडळांना नवी वाटेल. अनुदानासाठी स्वतंत्र बँक खाते ठेवणे सोयीचे पडते, कारण अनुदानावर जमा झालेले व्याज सरकारला परत करायचे असते आणि ते मंडळाच्या इतर पैशांत मिसळले तर वेगळे काढता येत नाही. देणी शक्यतो बँकेतूनच द्यावीत. मैफल संपल्यावर नारळासोबत पाकिटातून बिदागी देण्याची आपली जुनी पद्धत मला प्रिय आहे, पण या हिशेबात ती बसत नाही. आम्ही पाकिटात आभाराचे पत्र ठेवले आणि बिदागी त्याच रात्री खात्यावर पाठवली. कराच्या बाबतीत काही गोष्टी कलाकारांना आधीच समजावून सांगाव्यात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या व्यावसायिक मानधनावर मुळातून करकपात (टीडीएस) करावी लागत नाही. त्यापुढे ती करावी लागते आणि कलाकाराने पॅन दिलेला नसेल तर कपातीचा दर २० टक्क्यांवर जातो. शास्त्रीय आणि लोककलांच्या सादरीकरणाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर वस्तू व सेवा कर लागत नाही. एका जुन्या संवादिनीवादकांकडे पॅन होते, पण त्यावरचे नाव आणि बँकेतले नाव वेगळे होते. मंडळातल्या एका तरुण सभासदाने त्यांच्या घरी दोन फेऱ्या मारून ते जुळवून घेतले. असे एक-दोन धडपडे सभासद नसतील तर हे काम कोणत्याही चिटणीसाला एकट्याने झेपणारे नाही.

हिशेब पूर्ण झाल्यावर सनदी लेखापालाच्या सहीचे उपयोगिता प्रमाणपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचे असते. त्यासोबत आम्ही कार्यक्रमाचा अहवाल, छायाचित्रे, वृत्तपत्रांतली कात्रणे आणि ध्वनिमुद्रण पाठवले. या ध्वनिमुद्रणाचा एक अनपेक्षित लाभ झाला. सहाही तरुण कलाकारांना आम्ही आपापल्या मैफलीचे स्वच्छ मुद्रण दिले, आणि त्यांपैकी दोघांना त्याच्याच बळावर दुसऱ्या गावांतून बोलावणी आली. प्रत्येक मंडळाने मुद्रणासाठी अंदाजपत्रकात ओळ ठेवावी असा माझा आग्रह आहे, कारण दोन दिवसांच्या संमेलनातून नव्या कलाकाराजवळ उरणारी वस्तू तेवढीच असते.

योजनेच्या उणिवांबद्दल लिहिताना मी तिच्या रचनेबद्दल लिहीत आहे. पहिली आणि सर्वांत मोठी उणीव ही की, ज्या मंडळाकडे आधीच थोडा पैसा आहे त्याच्याच हे अनुदान नीट उपयोगी पडते. अखेरचा हप्ता हिशेबानंतर येणार असेल तर तेवढी रक्कम मंडळाने आधी खर्च करायची असते. आमच्या बाबतीत ती १ लाख रुपये होती आणि आमच्या एका सभासदाने मंडळासाठी ठेवलेल्या मुदत ठेवीच्या आधारावर आम्ही ती भागवली. गावातल्या चार शिक्षकांनी आणि एका तबलजीने चालवलेल्या मंडळाला लाखभर रुपये अडकवून ठेवता येत नाहीत. त्याला अर्ज करण्याचा हक्क आहे, पण ते करत नाही, आणि म्हणून जिथे मंचाची गरज सर्वांत जास्त आहे तिथून प्रस्तावच जात नाहीत. समजा लहान रकमेचा, १ लाखाच्या आतला एक वर्ग काढला आणि त्यात पूर्ण रक्कम आगाऊ देऊन नंतर हिशेब घेतला, तर सरकारचे फार काही पणाला लागणार नाही आणि शेकडो मंडळांना वाट मिळेल.

दुसरी उणीव काळाची आहे. आपल्याकडे मैफलींचा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याआधी संपतो. नाट्यगृहे कितीतरी महिने आधी ठरवावी लागतात, ज्येष्ठ कलाकारांच्या तारखा त्याहूनही आधी घ्याव्या लागतात, आणि मंजुरी कधी मिळेल हे मंडळाच्या हाती नसते. त्यामुळे ‘अनुदान आले तर करू’ असे म्हणणाऱ्या मंडळाचे संमेलन कधीच होत नाही. आम्ही संमेलन दोन आकारांत आखले होते: मंजुरी आली तर दोन दिवस नऊ कलाकार, आणि आली नाही तर एक दिवस चार कलाकार, तेही शाळेच्या सभागृहात. लहान आकारातही तीन तरुण कलाकार होते, कारण खर्च कमी करताना सगळ्यात आधी नवख्यांची नावे वगळली जातात आणि आम्हाला ते टाळायचे होते.

तिसरी गोष्ट मला अधिक खोल वाटते. योजना एका कार्यक्रमाला एकक मानते. महोत्सव दिसतो, त्याची छायाचित्रे निघतात, त्याचा अहवाल लिहिता येतो. पण श्रोता महोत्सवातून तयार होत नाही. तो महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सतरंजीवर चाळीस माणसांत बसून, नाव न ऐकलेल्या मुलीचा पूरिया धनाश्री ऐकताना तयार होतो. वर्षभराच्या बारा सभांचा खर्च एका दिवसाच्या संमेलनाहून कमी येतो आणि त्यांतून बारा कलाकारांना मंच मिळतो. तरीही अशी मालिका अनुदानासाठी मांडायला गेले की ती एखाद्या महोत्सवाच्या साच्यात कोंबावी लागते. ही मासिक सभांची परंपरा महाराष्ट्रात अजून ठिकठिकाणी तग धरून आहे. तिला दरसाल थोडीच रक्कम मिळाली तरी तिचे आयुष्य वाढेल, असे मला कळकळीने वाटते.

इतर मार्गांशी तुलना करायची तर प्रत्येकाची जागा वेगळी आहे. महाराष्ट्र हा नागपूरचे दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आणि उदयपूरचे पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र या दोन्हींचा सदस्य आहे, आणि गोवा उदयपूरच्या केंद्रात येतो. ही केंद्रे स्वतः कार्यक्रम आखतात आणि कलाकारांना बोलावतात, त्यामुळे कलाकाराने तिथे आपली माहिती अवश्य द्यावी. गोव्यात कला अकादमी सूरश्री केसरबाई केरकर संगीत समारोह भरवते, म्हणजे तिथे सार्वजनिक संस्था स्वतःच आयोजक होते. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा मार्गही खुला आहे, कारण २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम ज्या कामांवर खर्च करायची त्यांत कला आणि संस्कृतीचे जतन येते. परंतु कंपनीला आपल्या नावाचा फलक आणि ओळखीचा चेहरा हवा असतो, आणि पहिल्यांदाच गाणारा मुलगा तिला तो देऊ शकत नाही. आम्ही एका कंपनीशी बोललो तेव्हा सहा तरुणांच्या जागी एक प्रसिद्ध नाव घ्यावे असे सुचवण्यात आले आणि बोलणी तिथेच थांबली. सरकारी अनुदानात अशी अट आली नाही, ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे.

परदेशातला एक नमुना इथे सांगण्यासारखा आहे. कॅनडात १९८२ साली खासगी रेडिओ कंपन्या आणि संगीत व्यावसायिक यांनी मिळून ‘फॅक्टर’ नावाची ना-नफा संस्था काढली. ध्वनिमुद्रणासाठी साहाय्य देणे हा तिचा मूळ हेतू होता. पुढे दौरे, संगीत व्यवसायाच्या परिषदा आणि अनेक कलाकारांना एकत्र सादर करणारे कार्यक्रम यांसाठीही ती निधी देऊ लागली. तिचा पैसा सरकारच्या संगीत निधीतून येतो आणि खासगी रेडिओ कंपन्यांना परवान्याच्या अटींनुसार द्याव्या लागणाऱ्या वाट्यातूनही येतो. २०२४ साली तिथल्या प्रसारण नियामकाने इंटरनेटवरून संगीत ऐकवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीही आपल्या उत्पन्नाचा ५ टक्के वाटा अशा निधींना द्यावा असा निर्णय दिला, ज्यावर त्या कंपन्या न्यायालयात गेल्या. आपल्याकडे मंचाचा भार सरकारी तिजोरी आणि गावातले देणगीदार एवढेच उचलतात. ज्यांच्या फोनवरील सेवांमधून आपण दिवसभर राग ऐकतो त्यांचा या मंचाशी काहीही आर्थिक संबंध नाही. सामूहिक कार्यक्रमांसाठी स्वतंत्र वर्ग असावा आणि त्याचा पैसा संगीताच्या धंद्यातूनही यावा, या दोन कल्पना आपल्या धोरणकर्त्यांनी जरूर अभ्यासाव्यात.

तर अर्ज करावा का? ज्या मंडळाची नोंदणी तीन वर्षांहून जुनी आहे, ज्याचे लेखापरीक्षण नियमित आहे, ज्याच्याकडे अखेरच्या हप्त्याएवढी रक्कम काही काळ अडकवून ठेवण्याची सोय आहे आणि ज्याचा चिटणीस वर्षभर कागद सांभाळायला तयार आहे, त्याने निःशंकपणे करावा. ज्याचे पहिलेच वर्ष आहे त्याने आधी मासिक सभा नेमाने चालवाव्यात, प्रत्येक सभेचे पत्रक, छायाचित्र आणि जमाखर्च जपून ठेवावा, आणि साथीदारांची बिदागी पहिल्या सभेपासून स्वतंत्र लिहावी. आमच्या पुढच्या प्रस्तावात आम्ही ज्येष्ठ कलाकार तीनऐवजी दोन ठेवले आहेत, वाचलेल्या रकमेतून सारंगी आणि पखवाज वाजवणाऱ्या दोन तरुणांच्या स्वतंत्र वादनाची दोन सकाळची सत्रे घातली आहेत, आणि मिरजेच्या त्याच कारागिराला तंबोऱ्यांच्या तारखा कळवल्या आहेत.